‘येतो’ लिहिलेली वायर

अमडापूर,
रविवार

प्रिय दादा,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र उचलावं लागत नाही. पोस्टमन ते दारात टाकेल आणि छायावहिनी ते तुझ्या ताटाशेजारी ठेवेल, एवढी आमची बोलणी आधीच झालेली आहेत. पाकीट डाव्या हातानं फोडता येतं, आणि वाचायला तर हात लागतच नाही. तेव्हा सबबी संपल्या असं समज आणि चष्मा लाव.

वाईट बातमी आधी सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. मी तुझ्या वायरींना हात लावला. घर जागेवर आहे. वरच्या खोलीचा फ्यूज एकदाच गेला, तोही इस्तरीमुळे, आणि ती इस्तरी मी तिथे का नेली होती हे तुला कळून काही फायदा नाही. तू मनातल्या मनात काय म्हणालास ते मला इथे ऐकू आलं. ‘झंकार म्युझिकल ग्रुप’ सुरू झाला त्या दिवसापासून तू तेच म्हणत आलास: “मंजे, तू तोंड चालव, वायरीले हात लावू नको.” आपल्या ग्रुपची एवढीच घटना होती, आणि देशाच्या घटनेपेक्षा ती जास्त काटेकोरपणे पाळली गेली. तू मागे तुझ्या कीबोर्डच्या मशिनींत, मी पुढे माइकसमोर. दोन गाण्यांच्या मध्ये लोक उठून जाऊ नयेत म्हणून मी बोलायचे, आणि मी जास्त बोलले की तू मागून एक सूर दाबून धरायचास. त्या सुराचा अर्थ ‘आता बस’ असा आहे हे आख्ख्या चिखली तालुक्याला पाठ झालं होतं.

पण हात लावायला मला तूच सांगितलंस, हे विसरू नकोस. दिवाळीनंतर तू लोणारला गेलास. वहिनीची शाळा तिथे, हाताचे व्यायाम घेणारा माणूस तिथे, सगळं रास्त. मग वहिनीच्या फोनवरून तुझा हुकूम आला, की तिन्ही मशिनी आणि कॉम्प्युटर धामणगाव बढ्याच्या मोतीरामला देऊन टाक. मी काऊन म्हणून विचारलं, तर म्हणालास, “बसून बसून खराब होऊन राह्यल्या त्या.” बसून बसून कोण खराब होऊन राहिलंय यावर मी साप्ताहिकातल्या माझ्या सदरात एक अख्खा ‘चिमटा’ लिहिला असता. पण संपादक म्हणतात, घरचे विषय नको, आमदारांचे आण. आमदारांना चिमटा काढला की ते मला वाचनालयाच्या उद्घाटनाला बोलवतात आणि शाल देतात. शालींची चळत आता एवढी झाली आहे, की हिवाळ्याला माझी भीती वाटावी.

तर मोतीराम आला. तुला तो आठवत असेल, लग्नाच्या बँडमध्ये पोटाला पट्टा बांधून कॅसिओ वाजवायचा. आता त्याचा स्वतःचा ग्रुप आहे आणि त्याला उभ्यानं वाजवण्याचा कंटाळा आलाय. चांगला माणूस आहे. चपला खालीच काढून वर आला, तिन्ही मशिनींना लांबूनच नमस्कार केला आणि म्हणाला, “ताई, मशिनी त मी नेतोच. पण दादा कॉम्प्युटरवरून एक बटन दाबून तिघीले एकदम वाजवायचे ना, मी मलकापूरले पाह्यलं होतं, ते मले एकडाव दाखवा. नाईतर तिकडं नेऊन मी लोनचं घालू काय तिचं?” त्याचं म्हणणं खरंच होतं. वाजताना न पाहिलेली गोष्ट कोणी नेऊ नये. मी तीन वेळा स्थळं पाहिली तेव्हा हा नियम मला कोणी सांगितला नव्हता, पण तीन वेळा स्थळांनी माझं बोलणं ऐकलं आणि तेच सावध झाले.

आता तुझ्या तिन्ही मशिनींचं चित्र डोळ्यांपुढे आण. खिडकीखाली म्हातारी, जिच्या पट्ट्या पिवळ्या पडल्यात आणि चालू केल्यावर जी आधी थोडी कुरकुरते. मध्ये कलेक्टर, अंगभर बटणं, आणि पाच ठिकाणी विचारल्याशिवाय एक काम करत नाही. भिंतीशी नवरी, जिच्यावरचा प्लास्टिकचा कागद तू अजून काढू दिलेला नाहीस. आणि कोपऱ्यात तुझा तो कॉम्प्युटर, जो सुरू होईपर्यंत मी खाली जाऊन कणीक मळून येते. त्याच्या पाठीमागे, जॉयस्टिकच्या रुंद भोकात, तुझी काळी वायर खोचलेली होती. तिच्या दुसऱ्या टोकाला दोन शेपट्या. दोन्ही शेपट्यांवर तू पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली आणि तिच्यावर बॉलपेननं, तुझ्या त्या उजवीकडे कललेल्या अक्षरात लिहिलेलं. एकीवर ‘येतो’. दुसरीवर ‘आलो’.

मी म्हटलं, वा! माझा भाऊ किती शहाणा. आणि मी तर मराठीची मास्तरीण, पोरांना काळ आणि क्रियापदं शिकवण्यात केस पिकले. ‘येतो’ म्हणजे मशिनीतून कॉम्प्युटरकडे येतो. म्हणजे ही शेपटी म्हातारीच्या ‘आउट’मध्ये. मग उरलेली ‘आलो’ तिच्या ‘इन’मध्ये. लावली. मोतीरामसमोर ऐटीत बटण दाबलं. पडद्यावर हिरव्या रेघा धावायला लागल्या, घड्याळ पळायला लागलं, आणि तिन्ही मशिनी ढिम्म. म्हातारीचा साधा दिवा लुकलुकला नाही. मी पुन्हा दाबलं. मी वायर काढून फुंकर मारली आणि पुन्हा लावली, कारण आपल्याकडे कुठल्याही विद्युत उपकरणावर हाच पहिला इलाज असतो. मोतीरामनं कलेक्टरला हलकेच थोपटलं, बैलाला थोपटतात तसं. “मशिनी त मस्त दिसून राह्यल्या, ताई. पण बोलत काऊन नाई?” मी म्हटलं, मालकावर गेल्यात.

शेवटी मी चहा केला. चहा पिऊन झाल्यावर तो उठला, टोपी घातली आणि म्हणाला, “बरं ताई, येतो मंग.” आणि गेला.

दादा, मी जिन्याच्या वरच्या पायरीवर कपबशी हातात धरून उभीच राहिले. ‘येतो’ म्हणाला आणि गेला! खाली त्याची मोटारसायकल सुरू झाली, वळणावर तिनं हॉर्न दिला, आणि मी एकटीच एवढ्या मोठ्यानं हसले, की शेजारच्या राखीनं खिडकीतून विचारलं, “काय झालं वं मंजूताई, बरी हाय ना?”

मराठीच्या मास्तरणीला मराठी कळली नव्हती. कंडक्टरच्या पोराच्या हातून ‘जातो’ कसं लिहिलं जाईल? आबा पहाटेच्या गाडीवर निघायचे, बगलेत तिकिटांची पेटी, आणि उंबऱ्यात उभं राहून घराला ऐकू जाईल असं ‘येतो’ म्हणायचे. लहानपणी एकदा तू अंथरुणातूनच ओरडलास, “आबा गेले काय?” आबा फाटकापासून परत आले. पाटावर बसले, दोन घोट पाणी प्यायले, तुझ्याकडे बघून पुन्हा सावकाश ‘येतो’ म्हणाले आणि मग गेले. त्या दिवशी मेहकरची गाडी उशिरा सुटली आणि प्रवाशांनी डेपोत तक्रार केली, की कंडक्टर वेळेवर आला नाही. कारण काय लिहून देणार? पोरगं चुकीचं क्रियापद बोललं?

तेव्हा जे कॉम्प्युटरमधून बाहेर पडतं ते ‘येतो’ म्हणतं. घराबाहेर पडणारं दुसरं काय म्हणणार! आणि जे मशिनीकडून घरात पोचतं ते ‘आलो’. मी दोन बोलणाऱ्यांची तोंडं एकमेकांना जोडली होती आणि दोन ऐकणाऱ्यांचे कान एकमेकांना. ग्रामसभेत हेच चालतं, पण तिथे निदान आवाज तरी होतो. शेपट्यांची अदलाबदल केली. मग म्हातारीच्या तिसऱ्या भोकातून निघून कलेक्टरकडे जाणाऱ्या वायरीवरची पट्टी वाचली. जे ऐकलं ते जसंच्या तसं पुढच्याला देणारं ते भोक, त्याच्यावर ‘थ्रू’ छापलंय, आणि तुझ्या पट्टीवर लिहिलंय: ‘पुढे चला’. कलेक्टरपासून नवरीकडे जाणारीवरही ‘पुढे चला, पुढे चला’. आबांची आख्खी गाडी तू त्या खोलीत उभी करून ठेवली होतीस, आणि मी इतकी वर्षं खालच्या मजल्यावर राहून तिच्यात कधी चढले नाही.

आता दिवे लुकलुकले. म्हातारीचा, कलेक्टरचा, नवरीचा. पण कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून कसलाच आवाज नाही. इथे मी कट रचला. तुला गेल्या आठवड्यातलं जेवण आठवतं? वहिनीनं भाकरी वाढता वाढता सहज विचारलं, “अहो, तुमच्या त्या गोल तोंडाच्या वायरीतून आवाज जातो का हो?” तो प्रश्न माझा होता. मी इकडे फोन कानाला लावून बसले होते आणि तिकडे वहिनीनं तिचा फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता. तू आधी हूं केलंस. मग म्हणालास, “बावळट प्रश्न!” आणि मग सुरू झालास. “वायरीतून आवाज जातच नाई. हुकूम जाते. हा सूर दाब, एवढ्या जोरानं दाब, आता सोड. बस. वाजवायचं काम मशीनचं. आवाज पायजे असन त तिच्या मांगून येगळी वायर काढा लागते, मिक्सरमधी घाला लागते, आन् मिक्सरातून कॉम्प्युटरच्या निळ्या भोकात. गुलाबी नाई, निळ्या! गुलाबीत घातली का भुंग्यावानी घोंघावते.” मी गुलाबीतच घातली होती. भाकरी गार झाली, ठेचा तसाच राहिला, आणि अर्धांगाचा झटका आल्यापासून पहिल्यांदा तुझी जीभ कुठेच अडखळली नाही. वहिनी नंतर स्वयंपाकघरातून मला हळूच म्हणाली, “ताई, अजून काही विचारायचं हाय का?” तिच्या आवाजावरून कळत होतं, की नसलं तरी शोध.

शोधावं लागलं नाही. निळ्या भोकात वायर गेली आणि खोली एकदम दणाणली. सनई, बास आणि घंटा, तिघी मिळून एकच चाल, एकाच वेळी, एकमेकींच्या अंगावर पडत. जिल्ह्यातल्या कुठल्याही सर्वपक्षीय बैठकीचं हुबेहूब ध्वनिमुद्रण. तेव्हा दुसऱ्या दिवशी वहिनीनं विचारलं, “तिघं जण एकदमच बोलायला लागले तर काय करावं हो?” आणि तू वरणात चमचा फिरवत म्हणालास, “ज्याचा त्याले नंबर द्या लागते. म्हातारीले एक, कलेक्टरले दोन, नवरीले तीन. आपला नंबर पुकारला का बोलायचं, नाई त गप ऐकायचं.” मग चमचा ठेवून म्हणालास, “नवरीचा नंबर तिच्या पडद्यावर तिसऱ्या पानावर भेटन.”

दादा, खरं सांग. वहिनीनं नवरीचं नाव काढलं नव्हतं. मशिनींचंही नाही. तुला पहिल्याच प्रश्नाला कळलं होतं ना, की तांब्यामागे कोण आहे? आणि तरी तू सांगत राहिलास. मला वाटतं, हे पत्र मी त्याच जेवणाच्या जोरावर लिहायला घेतलंय.

मोतीरामला मी पुन्हा बोलावलं. दाखवायला काहीतरी हवं म्हणून तुझ्या फ्लॉप्यांच्या डब्यातून एक काढली. नाव होतं ‘सुरुवात’. कॉम्प्युटरनं ती आत घेतली, सुपारी कातरल्यासारखा आवाज केला, बराच वेळ विचार केला, आणि मग म्हातारी वाजायला लागली. आपली धून. पडदा उघडायच्या आधीची. गावोगावी बॅनरवर ‘म्युझिकल’चं ‘मुजिकल’ झालं तरी न बदलणारी आपली धून. तू सांगितलंस ते मला तोवर नुसतं समजलं होतं, आता दिसलं. त्या फ्लॉपीत आवाज नाहीच. त्यात तुझी बोटं आहेत. कुठला सूर किती जोरात दाबलास, कुठे रेंगाळलास, कुठे अंगठा उगाच लवकर उचललास, सगळं. अंतऱ्याच्या तोंडाशी तू नेहमी किंचित उशिरा यायचास आणि तबलेवाला चिडायचा, ते सुद्धा जसंच्या तसं. समोर पट्ट्या हलत नव्हत्या, खुर्ची रिकामी होती, आणि तू वाजवत होतास.

मग ती जागा आली. धून थांबते, फक्त खालचा एक सूर धरलेला राहतो. माझ्यासाठी ठेवलेली जागा. मी काही ठरवलं नव्हतं. माइक नाही, साडी घरातली, हाताला खोबरेल. पण तोंडातून आपोआप निघालं, “नमस्कार रसिकहो! झंकार म्युझिकल ग्रुप, अमडापूर, आपणासमोर सहर्ष सादर करीत आहे...” आणि माझा शेवटचा शब्द संपला न संपला तोच धून पुन्हा उचलली गेली. अचूक. माझ्या बोलण्याच्या लांबीएवढी जागा तू मापून ठेवली होतीस. इतकी वर्षं मी समजत होते, की तू मला मध्येच तोडतोस.

मोतीराम दाराकडे बघत होता. मला म्हणाला, “ताई, दादा लोणारलेच हाय ना?” मी म्हटलं, हो. टोपी हातात फिरवत तो म्हणाला, “मंग हे मी कसं नेऊ? ह्याच्यात त दादा बसेल हाय.” मी त्याला सांगितलं, की तसंही कलेक्टरची एक पट्टी अधूनमधून अडकते. धादांत खोटं. त्यानं ते खोटं नीट घडी करून खिशात ठेवलं, दुसरा चहा घेतला आणि निघताना म्हणाला, “दादाले सांगा, आमच्याकडं वाजवनारे लय हाय, गानी बसवनारा कोनी नाई. शनवारी पोट्टे घेऊन येतो.” मशिनी जागेवर आहेत. तुझा हुकूम मी पाळला नाही. आणि वर मी पाच-सहा जणांसाठी पोह्यांचं सामान भरून ठेवलंय.

बाकी इकडे सगळं छान आहे. तूर झाली, बाजार भरतो, राखीच्या सुनेला मुलगी झाली आणि राखी अजून नाव ठेवणाऱ्यांना नावं ठेवते आहे. लोणारचे लोक कसे आहेत? आकाशातून दगड आदळला तर त्यांनी त्या खड्ड्याचं सरोवर केलं आणि जगाला बघायला बोलावलं. तुझ्यावर एक आदळला तर तू नुसता खड्डा होऊन बसलास. रागावू नकोस. डॉक्टर काय म्हणाले ते मीही ऐकलंय: हात शाबूत आहे, हुकूम पोचत नाही. ते ऐकताना मला काहीच कळलं नव्हतं. आता वायरी लावून झाल्यावर एवढं कळतं, की हुकूम पोचत नसला म्हणजे मशीन मेलेलं नसतं. आणि कधीकधी, वाट दुसरीकडून काढावी लागते.

आता पत्र कशासाठी लिहिलं ते. तू गाडीत बसलास त्या दिवशी वहिनी मागे पिशव्या ठेवत होती, मी काचेशी उभी होते. तू माझ्याकडे न बघता म्हणालास, “जातो, मंजे.” आपल्या घराच्या दारात हा शब्द पहिल्यांदा बोलला गेला. आबांसारखं तुला परत बोलावून पाटावर बसवायचं मला सुचलं नाही, गाडी निघून गेली. तेव्हापासून तो शब्द इथे दारात पडलेला आहे, मी रोज तो ओलांडून जाते. परवा धून लावून बसले होते, तर चुकीचं बटण दाबलं गेलं आणि पडद्यावरची एक ओळ गप्प झाली. खालचे सूर गेले. उरला तो नुसता उजवा हात. तिशीतला, धडधाकट, घाईत असलेला तुझा उजवा हात, फ्लॉपीत कुठेही न थरथरता वाजवत होता, आणि डाव्याची वाट बघत होता. तो इथे माझ्याकडे आहे, दादा. डावा तुझ्याजवळ आहे, आणि तो चांगला आहे असं डॉक्टर, वहिनी आणि भाकरी तिघंही सांगतात. ‘आलो’ची शेपटी मी नवरीच्या ‘आउट’मध्ये लावून ठेवली आहे. सगळ्या वायरी बोलतात, तेवढ्या एकीतून अजून कोणीच आलेलं नाही. नवरीवरचा प्लास्टिकचा कागदही मी काढला. तिच्यासमोर खुर्ची ठेवली आहे, डाव्या बाजूला सरकवून. शनिवारी मोतीरामची पोरं यायच्या आत पोच. पत्राला उत्तर लिहू नकोस. तू त्या दोन शेपट्यांवर दोन शब्द लिहिलेस, त्यातला पहिला वहिनीच्या फोनवरून पाठव. दुसरा दारात उभं राहून म्हण.

तुझीच,
वायरींना हात लावलेली
मंजू